मेंदूतला दाह: जनुकांची मोटर कधी चालू होते, कधी बंद, हे कसे मोजावे

एमएस्सी आणि एमफार्मच्या प्रबंधांत मेंदूतल्या दाहाचा प्रयोग बहुधा एकाच ठशाचा असतो. मायक्रोग्लिया (मेंदूतल्या संरक्षक) पेशींना एलपीएस हा जिवाणूच्या भिंतीतला घटक द्यायचा, २४ तासांनी पेशी गोळा करायच्या, टीएनएफ हे दाह पसरवणारे प्रथिन मोजायचे, शेजारी झाडपाल्याच्या अर्काचा बार काढायचा आणि तो बुटका दिसला की ‘दाहशामक’ असे लिहून मोकळे व्हायचे. पण २४ तासांनी टीएनएफच्या एमआरएनएची (जनुकावरून उतरवलेल्या निरोपाची) लाट येऊन ओसरलेली असते. आपण मोजतो ते पूर गेल्यावरचे डबके. पेशीने दाह किती पेटवला हे त्यावरून कळत नाही आणि कोणत्या ब्रेकने थांबवला हे तर मुळीच कळत नाही.

हा प्रयोग वेळेच्या अंगाने कसा लावायचा ते इथे सांगितले आहे. जळगाव, धुळे, शिरपूर, नंदुरबारकडच्या साध्या प्रयोगशाळेत असते तेवढे पुरे: एक सीओटू इन्क्युबेटर, लॅमिनार फ्लो, थंड सेंट्रीफ्यूज आणि रिअल-टाइम पीसीआर. पीसीआरचे (जनुकाचा आरएनए किती ते मोजणारे) यंत्र आपल्याकडे नसेल तर सीडीएनएपर्यंतचे (आरएनएवरून बनवलेल्या डीएनएपर्यंतचे) काम घरी उरकून पुढची प्लेट ज्या विभागात यंत्र आहे तिथे लावता येते.

आधी मोटर समजून घ्या

शेतातला हौद भरणारी मोटर आठवा, फ्लोट लावलेली. मोटर चालू झाली की पाणी चढते, पाण्याबरोबर फ्लोट वर येतो आणि मोटर बंद पडते. बंद करणारे पाणी मोटरीनेच भरलेले असते. मायक्रोग्लियातले एनएफ-कप्पाबी हे दाहाची जनुके चालू करणारे प्रथिन हुबेहूब असेच चालते.

हे प्रथिन एरवी पेशीद्रवात अडकून पडलेले असते, कारण आयकप्पाबी-अल्फा नावाचे दुसरे प्रथिन त्याला धरून ठेवते. जिवाणूच्या भिंतीतले एलपीएस पेशीवरच्या टीएलआर-४ या ग्राहीला लागले की मायडी-८८ मार्गे आयकेके हे एन्झाइम जागे होते, आयकप्पाबी-अल्फाच्या ३२ आणि ३६ क्रमांकाच्या सेरिनवर फॉस्फेट चढवते आणि ते प्रथिन प्रोटिएसोममध्ये मोडीत निघते. मोकळे झालेले एनएफ-कप्पाबी १५ ते ३० मिनिटांत केंद्रकात पोचते. तिथे ते जी जनुके लगेच चालू करते त्यांत टीएनएफ असतो, आणि खुद्द आयकप्पाबी-अल्फाचे जनुकही. तासाभरात नवे आयकप्पाबी-अल्फा तयार होते आणि एनएफ-कप्पाबीला केंद्रकातून बाहेर ओढू लागते. फ्लोट वर आला. (रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६ मध्ये हे प्रथिन बी-पेशींत, कप्पा साखळीच्या जनुकाच्या एन्हान्सरवर बसलेले शोधले. नावातला ‘कप्पाबी’ तिथला, मेंदूशी त्याचा काही संबंध नाही.)

ब्रेक एवढा एकच नाही. ए-२० हे प्रथिन ग्राहीकडून येणारा निरोपच वरच्या वर तोडते. टीटीपी हे प्रथिन टीएनएफच्या एमआरएनएच्या शेपटीतल्या एयू-बहुल पट्ट्यावर बसून तो एमआरएनए लवकर मोडायला लावते. टीटीपीचे जनुक काढलेल्या उंदरांत टीएनएफ आवरत नाही, ते खंगतात आणि त्यांना संधिवात होतो. एमआयआर-१४६ए हा सूक्ष्म आरएनए उशिरा येतो आणि ट्राफ-६ व आयराक-१ यांना दाबतो. हे सगळे ब्रेक एनएफ-कप्पाबीमुळे किंवा त्याच्या जोडीच्या मार्गांमुळेच चालू होतात. म्हणून ‘एनएफ-कप्पाबी वाढले म्हणजे वाईट’ असे सरसकट लिहू नये.

जनुकेही सगळी एका वेळी उठत नाहीत. पीयू-१ हा घटक मायक्रोग्लियात टीएनएफसारख्या जनुकांभोवतीचे क्रोमॅटिन (डीएनएची प्रथिनांवरची गुंडाळी) आधीच उघडे ठेवतो, त्यामुळे टीएनएफला काही मिनिटे पुरतात. नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या एन्झाइमच्या जनुकाचे, एनओएस-२ चे, तसे नाही. तिथे क्रोमॅटिन आधी मोकळे करावे लागते, नवी प्रथिने लागतात, आणि पेशीने स्वतःच बाहेर सोडलेल्या इंटरफेरॉन-बीटाचा निरोप स्टॅट-१ मार्गे परत यावा लागतो. पहिली लाट तासाभराची, दुसरी काही तासांची.

आणि एक पेशी पेटली की शेजारची पेटते. केळीचा घड पिकवायला ठेवल्यावर एक फणी पिवळी पडली की तिच्या इथिलीनने बाकीच्या फण्याही धरतात, तसेच एका पेशीने सोडलेला टीएनएफ शेजारणीच्या ग्राहीला लागून तिचेही एनएफ-कप्पाबी सोडवतो. प्रयोगाच्या दृष्टीने याचा अर्थ साधा आहे: पेशींची दाटी बदलली की उत्तर बदलते. म्हणून पेशी मोजून टाका, अंदाजाने नको.

काय मोजायचे ते आधी ठरवा

प्रायमर (पीसीआरमध्ये नेमके जनुक पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) मागवण्याआधी यादी पक्की करा. पेटवणारी जनुके: टीएनएफ, आयएल-१ बीटा. उशिरा येणारी: आयएल-६, एनओएस-२. ब्रेकची: आयकप्पाबी-अल्फा, ए-२०, टीटीपी. संदर्भासाठी एचपीआरटी आणि वायव्हॅझ. शिवाय एक पहारेकरी: एचएसपी-७०. त्याचे काम पुढे कळेल, पण खान्देशात ते यादीतून वगळू नका.

संदर्भ म्हणून नुसते गॅपडीएच घेण्याची सवय मोडा. एलपीएस लागलेला मायक्रोग्लिया ग्लायकोलिसिस वाढवतो आणि गॅपडीएच त्याच साखळीतले एन्झाइम आहे. मोजपट्टीच ताणली गेली तर माप कशाने घेणार? दोन संदर्भ जनुके घ्या आणि आपल्याच पेशींत, आपल्याच वेळांवर ती हलत नाहीत हे एकदा तपासून घ्या.

प्रायमर ८० ते १५० बेस जोड्यांचा तुकडा देणारे, दोन एक्झॉनच्या (पक्क्या एमआरएनएत उरणाऱ्या तुकड्यांच्या) सांध्यावरून जाणारे असावेत. पाच पायऱ्यांची दहापट विरलन मालिका लावून प्रत्येक जोडीचा उतार काढा. उणे ३.३२ म्हणजे १०० टक्के कार्यक्षमता, उणे ३.१ ते उणे ३.६ च्या बाहेर असेल तर तो प्रायमर टाकून द्या, त्याच्यावर महिना घालवू नका.

पेशी

बीव्ही-२ ही उंदराच्या मायक्रोग्लियाची अमर केलेली पेशीरेषा आहे, १९९० मध्ये तयार झालेली. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात (एनसीसीएस) पेशीभांडार आहे; तिथे किंवा दुसऱ्या प्रयोगशाळेत विचारणा करा, पण पेशी कुठूनही आल्या तरी आल्याबरोबर मायकोप्लाझ्माची पीसीआर करा. मायकोप्लाझ्माचे लिपोप्रोटीन टीएलआर-२ मार्गे एनएफ-कप्पाबी कायम अर्धवट चालू ठेवते. मग कंट्रोलमध्येच टीएनएफ जास्त दिसतो, एलपीएसने होणारी वाढ तोकडी वाटते आणि खापर एलपीएसच्या माथी फुटते. दर महिन्याला ही तपासणी करा.

डीएमईएम माध्यम, १० टक्के एफबीएस (वासराचे सिरम), ३७ अंश, ५ टक्के सीओटू. या पेशी फार वेगाने वाढतात आणि अर्धवटच चिकटतात, म्हणून ट्रिप्सिन बहुधा लागत नाही. फ्लास्कवर हलक्या थापट्या मारल्या, उरलेल्या स्क्रेपरने काढल्या की झाले. ७० टक्क्यांपुढे दाट होऊ देऊ नका. २५ पॅसेजच्या (नव्या फ्लास्कमध्ये लावण्याच्या खेपांच्या) पुढची शिशी प्रयोगाला वापरू नका, उत्तर मंदावत जाते. सिरम घेताना एंडोटॉक्सिन (म्हणजे एलपीएसच) कमी असल्याचे प्रमाणपत्र पाहा आणि एका प्रबंधाला पुरेल एवढ्या एकाच लॉटच्या बाटल्या घ्या. मधे लॉट बदलला तर आधीचे आणि नंतरचे आकडे एका आलेखात बसवू नका.

उन्हाळ्यात इन्क्युबेटर

इन्क्युबेटर तापवू शकतो, थंड करू शकत नाही. त्याला ३७ अंश राखायचे तर खोली साधारण पाच अंशांनी तरी थंड हवी. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. एसी बंद पडला की बंद खोली दुपारी चाळिशीला टेकते आणि इन्क्युबेटरमधले तापमान मुकाट्याने चढू लागते. दारावरचा आकडा तेव्हा बघायला कोणी नसते.

पेशी मरत नाहीत, म्हणून हा दोष लक्षात येत नाही. पण ४१-४२ अंशांना पेशीत एचएसएफ-१ जागे होते, एचएसपी-७० वाढते आणि उष्णतेचा धक्का आयकेकेचे काम व आयकप्पाबी-अल्फाचे मोडणे अडवतो. म्हणजे एलपीएस तेच, पेशी त्याच, तरी टीएनएफ कमी. जानेवारीत चाळीसपट आणि मे महिन्यात आठपट, असा फरक दिसला की अर्काला श्रेय देण्याआधी खोलीकडे बघा. पहारेकरी इथे कामी येतो: कंट्रोल नमुन्यात एचएसपी-७० ची सीटी (पीसीआरच्या कितव्या चक्राला जनुक दिसू लागते तो आकडा; तो कमी म्हणजे आरएनए जास्त) थंडीतल्या नोंदीपेक्षा दोन-तीनने खाली आली असेल, तर त्या दिवसाची सगळी प्लेट बाद.

उपाय फार खर्चाचे नाहीत. आतल्या शेल्फवर पाणी भरलेल्या छोट्या फ्लास्कमध्ये कमाल-किमान नोंदवणारा तापमापक बुडवून ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ वाचून वहीत लिहा. एसी आणि इन्क्युबेटर दोन्ही जनरेटरच्या लाइनवर घ्या. नुसता इन्क्युबेटर घेतला तर उलट तोच खोली तापवतो. पीबीएसची बाटली टेबलावर ठेवू नका, कारण मे महिन्यात ‘रूम टेंपरेचर’चे पीबीएस म्हणजे उष्णतेचा धक्काच, प्रोटोकॉलमधली रूम टेंपरेचर २० ते २५ अंशांची असते. जमत असेल तर वेळमालिकेचे प्रयोग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका आणि उन्हाळा प्रायमर तपासण्यात घालवा.

एलपीएस, आणि नको तिथले एलपीएस

ई. कोलायचे ओ-१११:बी-४ किंवा ओ-५५:बी-५ यांपैकी एक घ्या आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचा साठा करून छोट्या कुप्यांत उणे २० अंशांना ठेवा. एलपीएस भांड्याच्या भिंतीला चिकटते, म्हणून कुपी वितळल्यावर मिनिटभर व्होर्टेक्स करा. पातळ द्रावण साठवून ठेवू नका. पुढच्या आठवड्यात त्यातले निम्मे भिंतीवर गेलेले असेल.

अंतिम मात्रा १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. माध्यम बदलून देऊ नका, कारण माध्यम बदलणे हाच पेशीला धक्का असतो आणि काही जनुके तेवढ्यानेच उठतात. सहा-वेल प्लेटच्या दर वेलमध्ये (खळग्यात) १.८ मिलिलिटर माध्यमात ५ लाख पेशी आदल्या दिवशी लावा (२४ तासांच्या वेलसाठी ३ लाख, त्या एक दिवस जास्त वाढणार आहेत). दुसऱ्या दिवशी १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर एलपीएस असलेले २०० मायक्रोलिटर कोमट माध्यम वरून हळूच सोडा. कंट्रोलला तेवढेच एलपीएसविना माध्यम. सिरम पूर्ण काढून टाकू नका. एलपीएसला टीएलआर-४ पर्यंत पोचवणारे एलबीपी प्रथिन सिरममधूनच येते.

आता नको तिथल्या एलपीएसबद्दल. कॅनमध्ये भरून ठेवलेल्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये ग्राम-निगेटिव्ह जिवाणू सुखाने वाढतात. ऑटोक्लेव्हने ते मरतात, पण त्यांचे एंडोटॉक्सिन १२१ अंशांना जात नाही. काचेची भांडी २५० अंशांना कोरड्या ओव्हनमध्ये ३० मिनिटे ठेवावी लागतात, तेव्हा ते जळते. पेशींवर जाणारी कोणतीही गोष्ट विरघळवायची असेल तर मेडिकलवर मिळणारे इंजेक्शनचे पाणी वापरा. त्यात एंडोटॉक्सिनची मर्यादा ०.२५ युनिट प्रति मिलिलिटर असते आणि ते तपासलेले असते. अशुद्ध पाण्यातल्या एलपीएसचा दुसरा तोटा आणखी छुपा आहे. आधीच थोडे एलपीएस चाखलेली पेशी पुढच्या एलपीएसला नीट उत्तर देत नाही, टीएनएफचे क्रोमॅटिन मिटून बसते. याला एंडोटॉक्सिन सहनशीलता म्हणतात. झाडाचा अर्क रात्रभर देऊन मग एलपीएस देणाऱ्यांनी हे दोनदा वाचावे. अर्कातच एंडोटॉक्सिन असेल तर अर्क ‘दाहशामक’ दिसणारच.

वेळापत्रक

वेळा अशा घ्या: ०, अर्धा, १, २, ४, ८ आणि २४ तास. सुरुवात वेगवेगळ्या वेळी करा, गोळा एकदमच करा. समजा संध्याकाळी ५ वाजता गोळा करायचे. २४ तासांच्या वेलला आदल्या दिवशी ५ वाजता एलपीएस, ८ तासांच्या वेलला सकाळी ९ वाजता, ४ तासांच्या वेलला दुपारी १ वाजता, मग ३, ४ आणि साडेचार. शून्याच्या वेलला सकाळी ९ वाजता नुसते माध्यम. सगळे नमुने एका हाताने, एका ट्रायझॉलने (पेशी फोडून आरएनए सोडवणाऱ्या फिनॉलच्या द्रावणाने), एका सेंट्रीफ्यूज रनमध्ये जातात, हा मोठा फायदा. मात्र भर दुपारी इन्क्युबेटरचे दार उघडावे लागते, तेव्हा पेशी बाहेर दोन मिनिटांपेक्षा जास्त नकोत. भारनियमनाची वेळ माहीत असेल तर वेळापत्रक तिच्याभोवती बसवा.

प्रथिनाच्या पातळीवर फ्लोट पाहायचा असेल तर वेगळी प्लेट लावा: ०, १०, २०, ३०, ६०, ९० आणि १२० मिनिटे, आयकप्पाबी-अल्फाचा वेस्टर्न ब्लॉट (प्रथिन पट्टीच्या रूपात दाखवणारी चाचणी). पट्टी आधी नाहीशी होते आणि मग परत येते. ही परतणारी पट्टी नीट दिसली तर पुढच्या अर्ध्या शंका मिटतात.

आरएनए काढताना

माध्यम काढून ठेवा (एलायसाने प्रथिन मोजायला आणि नायट्राइटसाठी), थंड पीबीएसने एकदा धुवा, दर वेलला १ मिलिलिटर ट्रायझॉल. पाच मिनिटांनी ०.२ मिलिलिटर क्लोरोफॉर्म, १५ सेकंद जोरात हलवा, २-३ मिनिटे थांबा, १२,००० जी वर ४ अंशांना १५ मिनिटे. रोटर आधीच थंड करून ठेवा. ‘चालू केल्यावर थंड होईलच’ म्हणून कोमट रोटरमध्ये नळ्या घातल्या की थर नीट वेगळे होत नाहीत आणि डीएनए वरच्या थरात येतो. वरचा पारदर्शक थर घेताना लोभ नको. शेवटचे ५०-१०० मायक्रोलिटर सोडून द्या.

त्यात ०.५ मिलिलिटर आयसोप्रोपॅनॉल, १० मिनिटे, पुन्हा १२,००० जी, ४ अंश, १० मिनिटे. गोळी तळाशी जेलसारखी दिसते, कधी दिसतही नाही. म्हणून नळीचा बिजागरीचा भाग नेहमी बाहेरच्या बाजूला ठेवा, गोळी त्याच बाजूला असणार. ७५ टक्के इथेनॉल १ मिलिलिटर, ७,५०० जी, ५ मिनिटे. हे इथेनॉल त्याच दिवशी बनवा. सैल झाकणाच्या बाटलीत उन्हाळाभर ठेवलेले इथेनॉल उडून पातळ होते आणि धुण्याऐवजी आरएनए विरघळवून ओतून टाकते.

वाळवण्याची वेळ पुस्तकात ५ ते १० मिनिटे असते. एप्रिल-मे मधल्या कोरड्या हवेत दोन-तीन मिनिटांत काम होते आणि दहा मिनिटांत गोळी पार कडक होऊन विरघळेनाशी होते. जुलै-ऑगस्टमध्ये उलट. घड्याळाकडे न बघता गोळीकडे बघा: पांढरी गोळी कडेने पारदर्शक व्हायला लागली की लगेच ३० मायक्रोलिटर न्यूक्लिएज-मुक्त पाणी घाला, ५५ अंशांना १० मिनिटे ठेवा.

२६०/२८० चे गुणोत्तर २.० च्या आसपास हवे. २६०/२३० दीडच्या खाली गेले असेल तर ग्वानिडिन किंवा फिनॉल मागे राहिले आहे, इथेनॉलने पुन्हा धुवा. जेलवर राइबोसोमच्या आरएनएच्या दोन पट्ट्यांपैकी २८-एसची पट्टी १८-एसच्या साधारण दुप्पट ठळक दिसली पाहिजे. ट्रायझॉलच्या टाकाऊत ब्लीच कधीही ओतू नका, विषारी वायू निघतो. आणि त्यात फिनॉल आहे हे विसरू नका. घामाने भिजलेला ग्लोव्ह बदलायला आळस करू नये.

सीडीएनए ते आकडा

१ मायक्रोग्रॅम आरएनएला डीएनएज द्या, मग २० मायक्रोलिटरमध्ये सीडीएनए करा, आणि एका नमुन्यात रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घालता ‘नो-आरटी’ ठेवा. सीडीएनए दहापट पातळ करा. १० मायक्रोलिटरच्या रिॲक्शनचा हिशेब: दुप्पट ताकदीचा सायबर मिक्स ५, १० मायक्रोमोलरचे दोन्ही प्रायमर प्रत्येकी ०.३, सीडीएनए २, पाणी २.४. सीडीएनए सोडून बाकीचे मास्टर मिक्स म्हणून एकत्र करा, ०.३ मायक्रोलिटर पिपेटने घ्यायच्या भानगडीत पडू नका. ९५ अंशांना मिक्सवर लिहिली असेल तेवढी वेळ, मग ९५ ला १५ सेकंद आणि ६० ला १ मिनिट अशी ४० चक्रे, शेवटी मेल्ट कर्व्ह. दोन शिखरे दिसली तर तो आकडा नोंदवू नका.

हिशेब उदाहरणाने. कंट्रोलमध्ये टीएनएफची सीटी २६.०, संदर्भाची २२.०, फरक ४.०. एलपीएसनंतर टीएनएफ २०.५, संदर्भ २२.२, फरक उणे १.७. दोन फरकांतला फरक उणे ५.७, म्हणून वाढ २ चा ५.७ वा घात, म्हणजे सुमारे ५२ पट. इथे संदर्भाची सीटी फक्त ०.२ ने हलली आहे. ती एक-दीडने हलत असेल तर ५२ चे २० किंवा १३० सहज होतात.

तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. एकाच फ्लास्कमधल्या पेशी, एकच दिवस, तर एन बरोबर १. वेगळ्या आठवड्यांत, वेगळ्या पॅसेजवर तीनदा केलेले प्रयोग मोजा, आणि आकडेवारीच्या चाचण्या घातावर नाही, डेल्टा-सीटीवर (जनुक आणि संदर्भ यांच्या सीटीतल्या फरकावर) करा.

नियमन कुठे झाले?

टीएनएफ कमी झाला एवढ्याने नियमनाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. जनुक कमी वाचले गेले की एमआरएनए लवकर मोडला? हे वेगळे करायला दोन वाटा आहेत. स्वस्त वाट म्हणजे इंट्रॉनमध्ये (पक्क्या एमआरएनएतून कापून टाकल्या जाणाऱ्या तुकड्यात) बसणारी प्रायमरची एक जोडी घेणे. इंट्रॉन असलेला आरएनए नुकताच लिहिला गेलेला असतो, त्यामुळे तोही कमी झाला तर वाचनच घटले. तो तसाच राहिला आणि पक्का एमआरएनए मात्र घटला तर मोडणे वाढले. इथे डीएनएजमध्ये हयगय झाली तर सगळे मुसळ केरात, कारण इंट्रॉन डीएनएतही असतोच.

दुसरी वाट ॲक्टिनोमायसिन-डी. एलपीएस देऊन एक तास झाल्यावर ५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर द्या, म्हणजे नवे लेखन थांबेल, आणि ०, ३०, ६०, ९० मिनिटांना टीएनएफ किती उरला ते पाहा. संदर्भ म्हणून इथे १८-एस वापरा. बाकीचे एमआरएनएही या काळात घटत असतात. हे औषध विषारी आणि प्रकाशाला नाजूक आहे, फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा.

फ्लोटची चाचणी घ्यायची असेल तर सायक्लोहेक्सिमाइड, १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, एलपीएसच्या अर्धा तास आधी. प्रथिननिर्मिती थांबते, नवे आयकप्पाबी-अल्फा होत नाही, मोटर चालूच राहते आणि टीएनएफचा एमआरएनए चढत जातो. एनओएस-२ मात्र उठतच नाही, कारण त्याला नवी प्रथिने लागतात. एकाच प्लेटवर दोन जनुके उलट दिशांना गेली की पहिली आणि दुसरी लाट विद्यार्थ्याला फळ्यावर शिकवायची गरज उरत नाही.

आयएल-१ बीटाबाबत जपून. त्याचा एमआरएनए शंभरपट झाला तरी माध्यमात प्रथिन जवळजवळ नसू शकते. ते कापून बाहेर सोडायला एटीपीसारखा दुसरा इशारा आणि कॅस्पेज-१ लागते. एमआयआर-१४६ए मोजायचा असेल तर नेहमीचा सीडीएनए चालत नाही, त्याला स्वतंत्र किट लागते.

अर्क तपासणाऱ्यांसाठी

सोबत एक ओळखीचे औषध लावा: डेक्सामेथासोन, १०० नॅनोमोलर, एलपीएसच्या एक तास आधी. ते टीएनएफ दाबत नसेल तर तुमचा प्रयोग बिघडलेला आहे, अर्काकडे जाऊच नका. अर्क विरघळवायचा डीएमएसओ ०.१ टक्क्यापुढे नको आणि कंट्रोललाही तेवढाच. प्रत्येक मात्रेला जिवंत पेशी मोजा, शक्यतो ट्रायपॅन ब्लूने. मेलेली पेशी टीएनएफ बनवत नाही. रंगीत आणि ऑक्सिडीकरणरोधक अर्क एमटीटीला (जिवंत पेशी रंगावरून मोजणाऱ्या चाचणीतल्या रसायनाला) स्वतःच क्षपित करून ‘पेशी जिवंत’ असे खोटे दाखवतात. हळदीतले कर्क्युमिन सिरम नसलेल्या ७.४ पीएचच्या द्रावणात अर्ध्या तासात बहुतांशी मोडते, शिवाय पिवळा रंग मोजणीत लुडबुड करतो. रात्रभर दिलेल्या कर्क्युमिनचा परिणाम नक्की कशाचा, हे म्हणूनच सांगणे अवघड.

नायट्राइटची ग्रीस चाचणी स्वस्त आहे, जरूर करा: ५ टक्के फॉस्फोरिक आम्लात १ टक्का सल्फानिलामाइड, पाण्यात ०.१ टक्का एनईडी, २४ तासांचे माध्यम, ५४० नॅनोमीटर, सोडियम नायट्राइटची ० ते १०० मायक्रोमोलरची मालिका. अर्काचे नुसते द्रावणही त्याच प्लेटवर लावून त्याचा रंग वजा करा. ही चाचणी उंदराच्या पेशींत छान चालते. माणसाचा मायक्रोग्लिया नायट्रिक ऑक्साइड फारच कमी बनवतो. ‘माणसाच्या मेंदूतला दाह कमी होतो’ असे वाक्य या प्लेटवरून लिहू नये.

अर्क खरोखर काम करतो असे वाटले तर ब्रेकची जनुके बघा. टीएनएफ कमी आणि त्याच वेळी आयकप्पाबी-अल्फा, ए-२० ही कमी असतील, तर अर्काने मोटरच चालू होऊ दिलेली नाही. टीएनएफ पहिल्या तासाला पूर्ण चढला, पण दोन-चार तासांत नेहमीपेक्षा लवकर उतरला, आणि टीटीपी वाढलेला दिसला, तर ब्रेक लवकर लागला असण्याची शक्यता. मग ॲक्टिनोमायसिनची प्लेट लावा. २४ तासांच्या एकाच बारमध्ये या दोन गोष्टी सारख्याच दिसतात.

साठवण

एन्झाइम आणि किट शुक्रवारी निघेल अशी ऑर्डर देऊ नका. शनिवार-रविवार खोका कुरिअरच्या गोदामात पडून राहतो आणि सोमवारी ड्राय आइसच्या जागी कोमट थर्माकोल हाती येतो. खोका उघडताना ड्राय आइस उरला होता का ते पावतीवरच लिहून ठेवा.

पाण्यात विरघळवलेला आरएनए उणे ८० लाच टिकतो. फ्रीझर बॅकअपवर नसेल तर सगळा आरएनए विरघळवूच नका. शेवटच्या धुण्याच्या वेळी गोळी ७५ टक्के इथेनॉलमध्येच राहू द्या. उणे २० ला ती वर्षभर टिकते, आणि रात्री वीज गेली तर ४ अंशांनाही आठवडाभर बिघडत नाही. लागेल तेव्हा पाच मिनिटे फिरवा, इथेनॉल काढा, विरघळवा. नळीवर तारीख, पॅसेज आणि वेळ पेन्सिलीने लिहिलेली पट्टी लावून वर पारदर्शक टेप चिकटवा, कारण मार्करची शाई त्याच इथेनॉलने पुसली जाते.